दप्तरातलं सांताचं पत्र

मी मूळची लोणी काळभोरची, शाळा चौथीपतोर. आमचे आबा, म्हंजे माझे वडील, बुद्धवंदना झाली की आम्हा पोरांना म्हनायचे, कुनी सांगितलं म्हनून मानू नका, आधी विचारा. आता काय सांगू तुम्हाला, तेच माझ्या नातीनं, ओवीनं उचललंय. आठ वर्सांची हाय, पन वकिलाला घाम फोडंल.

विश्रांतवाडीत मी तीन घरी पोळ्या करते. नाताळ आला की मला लई नवल वाटतं, घरोघरची तऱ्हाच निराळी. एका घरी सांताच्या नावानं आनलेलं खेळनं पिठाच्या डब्यात लपवत्यात, पीठ मीच काढनार म्हनून मलाबी त्यात सामील केलं. दुसऱ्या घरचे आजोबा म्हनतात, पायमोजे ही दाराबाहेर काढायची वस्तू, त्यात खाऊ कसला ठेवता! तिसरीकडं बाप सोताच लाल टोपी घालतो, अन् पोरगी म्हनते, बाबा, सांता तुमची चप्पल घालून आला.

आपल्यात कशाला पायजे हे, मी सुनेला म्हनलं. ती म्हनली, आई, वर्गात सगळ्यांकडं येतो, हिच्याकडंच न्हाई आला तर पोर काय समजंल? मग मीबी तयार झाले.

पन मागच्या नाताळात ओवीनं सांताला पत्र लिहिलं, पाकीट गोंदानं चिकटवलं अन् दप्तरात ठेवलं. काय मागितलं ते कुनाला सांगंना. म्हनली, खरा असंल तर त्याला कळंल. अन् आजी, तू दप्तराला हात लावायचा न्हाई, वचन दे. दिलं मी. सून रडकुंडीला आली, आई, आता आनायचं काय? दोन दिवस आम्ही दोघी अंदाजच बांधत बसलो. तिसऱ्या दिवशी पोर खाली खेळाया गेली अन् मी पाकीट उघडलं.

आत लिहिलेलं, आजी, तूच वाचत असशील तर खाली सही कर.

आई गं! रंगेहात पकडलं की मला पोरीनं! सून म्हनली, परत चिकटवा, तिला काय कळतंय. पन माझा हात वळंना. उद्या पोरीचा माझ्या शब्दावरचा भरवसा गेला, तर सांता आला काय अन् न्हाई आला काय, सारखंच. केली सही, विमल म्हनून, वाकडीतिकडी.

ओवीनं येऊन बघितली. मग म्हनली, आजी, वचन मोडलंस. म्हनलं, व्हय बाळा, मोडलं. सांता नसतो ना? न्हाई बाळा. म्हनली, बरं. मग आता आनायच्या आधी मला विचारत जा, बाहुल्या लई झाल्यात.

आता शाळेतून आली की माझ्याम्होरं दप्तर उघडं टाकते अन् खेळाया पळते. मी हात लावत न्हाई. सुखी ऱ्हा म्हनते पोरी, अन् अशीच विचारत ऱ्हा.