सेलचं घड्याळ

राव, त्या घड्याळ कंपनीचं कौतुक माझ्यासमोर नको. मी चाकणला त्यांच्याच प्लांटमध्ये आहे. मागं मोठे साहेब आले, म्हणाले, "यापुढे सेलवर चालणारी घड्याळं बंद. चावीचं, लाखालाखाचं घड्याळ हेच आपलं भविष्य." आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात सलीमभाईंनी. बावीस वर्षं सेलच्या घड्याळांना पॉलिश मारलेला माणूस! पंधरा दिवसांत त्यांची लाइन बंद झाली आणि त्यांनाही घरी बसवलं. निरोपाला शाल, नारळ आणि एक डबी. सलीमभाईंनी ती तिथंच उघडली. आत सेलचं घड्याळ.

"साहेब, हे तर बंद केलंत ना?"

साहेब हसले. "अहो, थोडा स्टॉक शिल्लक होता."

सलीमभाईंनी ते मनगटावर बांधलं आणि म्हणाले, "मग आमची जोडी बरोबर जमली."