निर्णय तुझाच आहे, पण

...आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर, म्हणजे दोन तास, मधे एकदा चहा, एकदा पाणी, एकदा काकांची गोळी, वर पुन्हा हात झटकून म्हणायचं काय, तर ‘शेवटी निर्णय तुझाच आहे.’ माझाच आहे ना? मग द्या की माझ्याकडे. माझी छत्री दोन तास स्वतःच्या डोक्यावर धरायची आणि पाऊस थांबला की माझ्या हातात कोंबून सांगायचं, घे बाबा, तुझीच आहे.

बसा, बसा, उठू नका. आम्हाला कसलीही घाई नाही. साहेब पंधरा मिनिटांत येतायत. सकाळी नऊपासून पंधरा मिनिटांत येतायत, आता पावणेबारा झाले. काचेतून ते पांढरं विमान दिसतंय ना, आठ सीटचं, ते आमचं. सकाळी मी आत झाडू मारला, कप पुसले, संडासातल्या कागदाच्या गुंडाळीचं टोक त्रिकोणी दुमडून ठेवलं. हो, पायलटच दुमडतो. तुम्हाला काय वाटलं, पायलट म्हणजे काळा चष्मा लावून ढगांकडे बघत बसतो?

तर तुम्हाला सांगतो, चार महिन्यांपूर्वी एकाच आठवड्यात माझ्या हातात दोन नोकऱ्या आल्या. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडून विमान शिकलेल्या माणसाच्या हातात. ते इंजिनिअरिंगसुद्धा असंच मिळालेलं. बाबा म्हणाले होते, ‘निर्णय तुझाच आहे, पण मी फॉर्म भरून टाकलाय.’ सोडलं तेव्हा घरात सहा महिने कोणी माझ्याशी सरळ बोललं नाही. ते सहा महिने फार चांगले गेले.

पहिली नोकरी एअरलाइनची. फोनवर एक बाई. आवाज इतका गोड, की आपण काहीतरी जिंकलंय असं वाटावं. ‘अभिनंदन सर, आज सही केलीत तर तुमचा नंबर सहाशे बारा.’ म्हटलं, कसला नंबर? तर सिनिऑरिटीचा. एअरलाइनमध्ये तुम्ही विमान कसं चालवता हा भाग वेगळा, तुम्ही कोणत्या तारखेला आत आलात यावर पुढचं आयुष्य. सुट्टी कधी, बिऱ्हाड कोणत्या गावात, कॅप्टन कधी, सगळं नंबरावर. सहाशे अकरा नंबरवाला तुमच्या पुढे. त्याला सर्दी झाली तरी तो पुढे, त्याचं डोकं फिरलं तरी तो पुढे, तो निवृत्त होईपर्यंत तुम्ही त्याच्या मागे. आणि एक दिवस उशीर केलात, तर त्या दिवशी सही केलेले सगळे तुमच्या पुढे. कायमचे.

मला यात नवीन काही वाटलं नाही. आमच्या घरात हीच यादी आहे. सकाळी बाथरूमला आधी काका, मग बाबा, आत्या मुक्कामाला असली तर आत्या, मग आई, मग मी. पेपर त्याच क्रमाने. माझ्यापर्यंत येतो तेव्हा शब्दकोडं सोडवलेलं असतं. तेही चुकीचं.

दुसरी नोकरी ही. कंपनी पाईप बनवते आणि कंपनीच्या मालकाचं स्वतःचं विमान आहे. मुलाखत दहाला. मी पावणेदहाला हजर. याच खोलीत, या सोफ्यावर. मॅनेजर म्हणाला, ‘साहेब पंधरा मिनिटांत येतायत.’ अकरा वाजले. एक वाजला. तीन वाजले. समोरच्या सोफ्यावर एक कॅप्टन बसलेला, पन्नाशीचा, केस पांढरे, बूट चकचकीत. सहा तासांत तो एकूण चार वाक्यं बोलला. पहिलं, ‘बस.’ दुसरं, ‘पाणी तिकडे आहे.’ तिसरं, ‘त्या खुर्चीवर नको, डुगडुगते.’ चौथं, ‘येतील.’ बस्स. ना मी कुठला, ना बाबा काय करतात, ना इंजिनिअरिंग का सोडलं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आमच्या घरात एवढ्या वेळात माझी दोन लग्नं ठरून मोडली असती.

चार वाजता मॅनेजर आला आणि हात पुढे करून म्हणाला, ‘झालं. तुम्हाला घेतलं.’ म्हटलं, मुलाखत? ‘हीच मुलाखत. तुमच्या आधी नऊ जण येऊन गेले. कोणी सारखं घड्याळ बघत होता, कोणी बायकोवर फोनवर खेकसला, एकजण विचारत होता, साहेब नक्की येणार आहेत ना? तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आणि तुमचा चेहरा छान आहे. त्यावर काही दिसतच नाही.’

आता काय सांगू त्याला. मी संयम बियम ठेवून बसलो नव्हतो. मी विसरलो होतो. काका बोलायला लागले की माझं आत काहीतरी खटकन बंद होतं, लहानपणापासून. डोळे उघडे, मान हलते, आत कोणी नाही. सोफा दिसला की आपोआप होतं. घरच्यांनी माझ्याकडून वीस वर्षं तयारी करून घेतली होती आणि मला पत्ता नव्हता.

मग घरी सभा. आमचे काका सोसायटीचे अध्यक्ष, त्यामुळे घरातही अध्यक्ष. आयुष्यात एकदा विमानात बसलेत, तेही जाताना. येताना रेल्वेने आले, म्हणाले कान दुखले. तर काका सुरू. ‘हे बघ, एअरलाइन म्हणजे एअरलाइन. चार लोकांत सांगता येतं. पाईपवाल्याचा ड्रायव्हर म्हणून काय सांगायचं? अर्थात निर्णय तुझाच आहे.’ म्हटलं, काका, ड्रायव्हर नाही, को-पायलट. ‘म्हणजे क्लीनर.’

आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. तिला वाटतं अजून तास सुरू आहे. ‘तू त्या मालकाकडेच जा. मोठ्या माणसाच्या जवळ राहावं. रोज भेट होईल, आमच्या बंटीसाठी सहज एक शब्द टाकता येईल. बंटी हुशार आहे, त्याला नुसती संधी मिळत नाही.’ बंटी, म्हणजे आत्याचा मुलगा, छत्तीस वर्षांचा आहे. ‘अर्थात, निर्णय तुझाच आहे.’

आणि बाबा. बाबा वजनमाप खात्यात होते, तीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले. त्यांनी वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे एअरलाइन, उजवीकडे कॉर्पोरेट, म्हणजे पाईपवाला. प्रत्येक मुद्द्याला वजन. पेन्शन, पाच. प्रतिष्ठा, चार. मालक मेला तर काय, उणे सहा. एअरलाइन बुडाली तर काय, उणे सहा. बरोबरी झाली की बाबा वही मिटायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून. म्हटलं, बाबा, मला विचारा की एखादा मुद्दा. तर चष्म्यावरून बघून म्हणतात, ‘तुझं मन यात धरत नाही मी. ते रोज बदलतं, प्रमाणित नाही.’

आई मधे एकदाच बोलली. ‘दुपारचं जेवण कुठल्या नोकरीत वेळेवर मिळतं?’ सगळे तिला हसले. आता मी अडीच-अडीच वाजता साहेबांचे उरलेले काजू खातो तेव्हा आठवतं, त्या सभेत कामाचा प्रश्न तेवढा एकच होता.

आणि तिकडे नंबर पळतोय. सोमवारी सहाशे बारा. मंगळवारी बाईंचा फोन, ‘सर, आज केलीत तर सहाशे एकतीस.’ काका पेन्शनवर बोलत होते. बुधवारी सहाशे अठ्ठेचाळीस. आत्या बंटीच्या मार्कशीटची झेरॉक्स घेऊन आली होती. गुरुवारी सहाशे सत्तर. बाबांनी नवी वही काढली. प्रत्येक चहामागे माझ्या पुढे पाच माणसं जाऊन बसत होती, आणि ती नोकरी संपेपर्यंत उठणार नव्हती. हे मी घरात सांगितलं. काका म्हणाले, ‘घाईत निर्णय घेऊ नये.’

शुक्रवारी संध्याकाळी पाचला एअरलाइनची मुदत संपत होती. पाचला वीस कमी असताना एक विचित्र प्रकार झाला. बाबांनी वही मिटली, काकांकडे हात केला आणि म्हणाले, ‘आता कोणी बोलायचं नाही. याला बोलू द्या. सांग, तुला काय हवंय?’

आणि तुम्हाला सांगतो, काही नाही. आत बघितलं, काही नाही. वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो प्रश्न आला. काकांचं मत पाठ होतं. आत्याचं पाठ होतं. बाबांच्या दोन्ही बाजू बेरजेसकट पाठ होत्या. माझं काय होतं ते सापडेना. चौघं माझ्या तोंडाकडे बघतायत, भिंतीवरचं घड्याळ टकटक करतंय, आणि मी आपला मान हलवतोय.

मग एक आठवलं. विमान शिकताना पहिल्यांदा एकटं उडवायचं असतं. त्या दिवशी शिक्षक उतरला, आणि उतरताना त्याने त्याच्या रिकाम्या सीटचा पट्टा लावला, घट्ट, म्हणजे तो सुटा राहून कशात अडकू नये. दार लावलं आणि चालायला लागला. मी उडालो. एक चक्कर, अकरा मिनिटं. शेजारी नुसता पट्टा. कोणी म्हणालं नाही नाक वर घे, कोणी म्हणालं नाही अर्थात. मला आनंद झाला होता असंही नाही, उगाच खोटं कशाला सांगू. नुसतं शांत होतं. जन्मात पहिल्यांदा.

तर मला ते हवं होतं. आणि ते कुठेच मिळत नाही, कारण दोन्ही नोकऱ्यांत शेजारी कोणीतरी असतोच. एअरलाइनमध्ये रोज नवा कॅप्टन. रोज नवा काका. आणि इकडे? इकडे एकच. चार वाक्यंवाला.

मी म्हटलं, ‘कॉर्पोरेट.’

‘का?’ बाबा म्हणाले.

‘तिथला कॅप्टन बोलत नाही.’

बाबांनी वही उघडली, हा मुद्दा कुठल्या बाजूला लिहायचा ते त्यांना कळेना, पुन्हा मिटली. काका म्हणाले, ‘हे कारण आहे?’ आत्याने बंटीची झेरॉक्स माझ्या खिशात घातली. पाच वाजले. बाईंचा फोन आला नाही.

पहिल्या दिवशी मी इथे आलो, कॅप्टन समोरच्या सोफ्यावर. ‘बस,’ म्हणाला. साडेचार तास थांबलो, दुसरा शब्द नाही. म्हटलं, जिंकलो. साहेब आले, बॅगा चढवल्या, दार लावलं, उडालो. वर गेल्यावर त्याने विमान ऑटोपायलटवर टाकलं, हेडफोन एका कानावरून सरकवला, घसा खाकरला. मला तो आवाज ओळखीचा वाटला. अगदी घरचा.

‘तुला म्हणून सांगतो,’ तो म्हणाला. ‘खाली मी तोंड उघडत नाही. मॅनेजरचं टेबल दाराशी आहे. पण तू मोठी चूक केलीस. मलाही एअरलाइनने बोलावलं होतं, अकरा वर्षांपूर्वी. गेलो असतो तर आज माझा नंबर चाळीस असता. चाळीस. कळतं का तुला?’ मग पेन्शन. मग प्रतिष्ठा. मग त्याचा मेहुणा, जो एअरलाइनमध्ये गेला आणि ज्याचा नंबर तेवीस आहे. मग माझं लग्न. दोन तास दहा मिनिटं. घरी निदान उठून पाणी प्यायला जाता यायचं हो. इथे उठून कुठे जाणार? उतरायला घेतलं तेव्हा कुठे थांबला, आणि समोर धावपट्टी दिसत असताना मला तेही स्पष्ट दिसत होतं, ते येणारच होतं, आणि आलंच. ‘तुझं वय आहे, अजून वेळ गेलेली नाही. अर्थात, निर्णय तुझाच आहे.’

मी म्हटलं, ‘हो सर.’ चेहऱ्यावर काही दिसलं नसणार. त्याचाच तर पगार मिळतो.

थांबा, मॅनेजर येतोय. ...काय? येत नाहीयेत? ...बरं. ...बरं.

ऐकलंत? साहेब एअरलाइनच्या विमानानेच निघून गेले, सकाळी दहाला. आता विमान रिकामंच तिकडे न्यायचंय, उद्या त्यांना परत आणायला. आठ सीट मोकळ्या, आणि मी बसणार कुठे, तर त्याच्या शेजारी. तो बघा, काचेपलीकडे बूट पुसून उठला. बघा कसा गप्प चालतोय, तोंडात जीभ नसल्यासारखा.

तीन तासांचा रस्ता आहे. तेसुद्धा एरवी. आज वारा समोरून आहे.