सिमरोलच्या पुढचा उतार

(रविवारची दुपार. सुजय, त्याची बायको अनुश्री आणि वडील बाबूराव समोरच्या खोलीत. चार वर्षांची ईशा आत टीव्ही बघतेय.)

अनुश्री: नवी पिकअप घ्यायची म्हणतोस, ते कळलं. का घ्यायची, ते अजून नाही सांगितलंस.

सुजय: किती वेळा सांगू यार. जुनी डिझेल पिते, कॅन भरल्या की चढावर दम टाकते. धंदा वाढवायचाय तर गाडी पण ढंगाची पाहिजे ना.

अनुश्री: दिवाळीत मीच म्हणाले होते, बदलू या म्हणून. तेव्हा काय बोललास? ‘ही सोनं आहे, नवीत नुसता पत्रा येतो.’

बाबूराव: बरोबरच बोलला होता. अरे भिया, ह्या गाडीनं तुझं कॉलेज केलं, तुझं लग्न केलं. महूपर्यंत पाण्याच्या कॅन पोचवल्यात मी हिच्यात. एकदा रस्त्यात उभी नाही राहिली.

सुजय: बाबा, तुमचा जमाना वेगळा होता.

बाबूराव: गाडी तर तीच आहे ना?

अनुश्री: तेच विचारतेय मी. दिवाळीपासून आत्तापर्यंत गाडीत काय बदललं?

सुजय: काही नाही. मन बदललं. माणसाचं बदलू शकत नाही का?

अनुश्री: तुझं? तू तर दाढीचं ब्लेड बदलायला महिना लावतोस.

बाबूराव: हे खरं आहे.

अनुश्री: आणि ईशाला शाळेत स्कूटरवर का सोडतोस आता?

सुजय: ट्रॅफिक असतो. पलासियाला पिकअप अडकते.

अनुश्री: शाळा पलासियाकडे नाहीच आहे, सुजय. पिकअप शाळेसमोरूनच सिमरोलला जाते. तू आधी तिला स्कूटरवर सोडतोस, घरी परत येतोस, मग गाडी काढतोस. मी बाल्कनीतून रोज बघते.

सुजय: जासूसी करतेस माझी?

अनुश्री: तिची आई आहे, बघणारच. तूच सांग, ज्या गाडीत मुलीला बसवत नाहीस, त्या गाडीत तू स्वतः कसा बसतोस?

बाबूराव: थांब अनु. मुलीला बसवत नाही म्हणजे? सुजय, काय मामला आहे?

सुजय: काही मामला नाही, बाबा. हिला आदत आहे, राईचा पहाड करायची.

अनुश्री: ठीक आहे, मग मीच सांगते. पुढच्या बंपरच्या आत लाल मुरूम भरलाय, अजून निघाला नाही; म्हणजे गाडी कुठेतरी घुसली होती. मी भूषणच्या गॅरेजला जाऊन आले. विचारलं, ब्रेक तपासायला गाडी आली होती का? तो म्हणाला, हां भाभी, भियाच घेऊन आले होते, घाबरलेले वाटले. सगळं खोलून बघितलं, चक्कर मारून आलो, एकदम फर्स्ट क्लास. मला वाटलं, भूषण खोटं बोलतोय. घरी येईपर्यंत वाटायला लागलं की खोटं तूच बोलतोयस.

सुजय: भूषणला काय कळतं.

अनुश्री: आजवर तर देव होता तो तुझा.

बाबूराव: सुजय. मी बाप आहे तुझा. काय झालं?

सुजय: …चोरलच्या फार्महाउसवर कॅन द्यायच्या होत्या. ईशा मागे लागली, मी पण येते म्हणून. पूर्ण लोड होता. सिमरोलच्या पुढचा घाट. एक-दोन वळणं नीट घेतली. मग पुढे ट्रक आला आणि ब्रेक लागलाच नाही. पेडल दगड झालं होतं, बाबा. दोन्ही पायांनी उभा राहिलो त्याच्यावर. कडेला मुरमाचा ढीग होता, त्यात घातली गाडी.

अनुश्री: आणि ईशा?

सुजय: तिला एका हातानं धरून ठेवलं होतं. काही नाही झालं तिला, हसत होती ती. खेळ वाटला तिला. म्हणून म्हणतोय, अनु, विकून टाकू ही गाडी. मला भरोसा नाही राहिला हिचा.

बाबूराव: मला सांगायचं नाही? इतकी मोठी गोष्ट?

सुजय: काय सांगणार होतो? तुम्ही म्हणाला असता, हात कच्चा आहे माझा.

अनुश्री: सुजय, आत ईशा सोफ्याच्या हातावरून गाडी खेळवते ना. वर चढवताना तोंडानं घुर्र घुर्र करते. उतरायला लागली की एकदम चूप. परवा मी म्हटलं, आवाज कर ना गं. तर म्हणे, उताराला गाडी बंद करायची असते, आजोबा असंच सांगतात.

बाबूराव: हो, मीच सांगतो तिला.

अनुश्री: घाटात इंजिन चालू होतं की बंद?

सुजय: बंद होतं. उताराला बंदच ठेवतो आम्ही. डिझेल वाचतं. नेहमीचंच आहे ते.

अनुश्री: आणि भूषणनं चक्कर मारली तेव्हा चालू होतं.

सुजय: म्हणजे?

अनुश्री: इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही. एक-दोनदा लागतो, मग पेडल घट्ट होतं. भूषणला फोन करून नीट समजून घेतलं मी. तुझं नाव नाही घेतलं.

बाबूराव: मी तर सगळी उमर अशीच उतरवली. काही नाही झालं.

अनुश्री: तुम्ही माल देऊन परत यायचात, बाबा. उताराला गाडी रिकामी असायची, नुसत्या पायाच्या जोरावर थांबायची.

बाबूराव: हो. महूकडून येताना रिकामीच असायची. मी ह्याला ते वेगळं नाही सांगितलं.

सुजय: सांगून काय, मला समजायला पाहिजे होतं. पण अनु, मग नवी घेऊन टाकू ना. किस्सा खतम.

अनुश्री: नवीचं इंजिन पण बंद करता येतं. चावी तुझ्याच हातात असणार.

सुजय: नाही करणार, यार. कसम.

अनुश्री: आत्ताच म्हणालास, ट्रॅफिकमुळे स्कूटर काढतो. किती सहज खोटं बोललास.

बाबूराव: तू सांग आता, बेटा. ठेवायची की विकायची?

अनुश्री: ते नंतर ठरवू. उद्या चोरलला कॅन जाणार आहेत ना? मी येते. ईशा शेजारच्या सुनीतावहिनींकडे राहील.

सुजय: घाटात तू काय करणार आहेस?

अनुश्री: काही नाही. शेजारी बसेन. तू रेडिओ लावू नकोस आणि माझ्याशी बोलू नकोस. खाली पोचेपर्यंत मला इंजिन ऐकायचंय.