कॉलर धरल्यावर

नाही म्हणजे नाही, पेन्नर. बसा हो, उभं राहून मागितलं म्हणून काही मी हो म्हणणार नाही. गाडीचा हीटर बाहेर प्लगला लावलात ना? मग इंजिन गोठायचं नाही, घाई कसली. आमची ही, ओल्गा, कॉफी आणतेय, ती प्या, आणि जाऊन तुमच्या कमिटीला सांगा की ओरेस्ट ह्रित्साक तुमच्या सत्कारावर थुंकला. अस्संच सांगा. तुमच्या त्या आइस हॉकीच्या रिंकला माझं नाव द्या, नका देऊ, मला काय — पण ती फिल्म? माझ्या मारामाऱ्यांची? वर गाणं लावून? शी. लग्नात नवरानवरीचे फोटो दाखवतात ना, तशी माणसांची नाकं फुटताना दाखवणार, आणि समोर सगळं गाव हॉट डॉग चघळत बसणार.

गोल दाखवा ना माझे. का, नाहीत? आहेत हो. ज्युनिअरला होतो तेव्हा टीममध्ये सगळ्यात जास्त गोल माझे. आमच्या बाबांनी अंगणात पाणी सोडून बर्फ धरवला होता, त्यावर शिकलो मी — मनगट असं नुसतं वळवलं की पकची चकती गोलकीपरच्या खांद्यावरून — जाऊ द्या. मोठ्या लीगमध्ये गेलो, पहिल्याच दिवशी कोच म्हणतो, "ह्रित्साक, गोल करणारे आहेत माझ्याकडे. त्यांना कुणी धक्का दिला की तू उठायचं आणि त्याचं थोबाड फोडायचं. जमेल?" आता मी काय म्हणणार? मिसरूड फुटलेलं पोर मी. म्हटलं, जमेल. आणि जमलंच की. गुडघा जाईपर्यंत जमलं. ह्याला तुम्ही करिअर म्हणता — करिअर कसलं, सांडासारखं बाकावर बांधून ठेवायचे आणि लोक कंटाळले की सोडायचे. मग बघा मजा, सगळे उभे, काच बडवतायत, ओरेस्ट, ओरेस्ट. गोल झाला तरी एवढे उठायचे नाहीत. बायका, कडेवर लेकरं घेऊन. एकानं तर माझा पडलेला दात उचलून नेला, अजून कपाटात ठेवलाय म्हणे, पाहुण्यांना दाखवतो. माझा दात. किळस नाही येत तुम्हाला? मला येते.

असं बघू नका हाताकडे. कप दोन्ही हातांनी धरतो, त्यात काय. बटणं ओल्गा लावते — हे कमिटीत बोलू नका.

आणि पोस्टरवर काय छापलंय? 'जुने वैरी पुन्हा समोरासमोर.' कोण वैरी? ल्युसियन? अहो, ल्युसियन थिबो समोरच्या टीमचा सांड, मी आमच्या टीमचा. एवढंच. त्याचं काम तेच, माझं तेच. मॅच झाली की मागच्या दारानं निघून एकाच टेबलावर जेवायचो आम्ही, तो डाव्या बाजूनं चावायचा, मी उजव्या. आणि तुम्हाला वरून, खुर्चीतून, काय दिसायचं? दोघं एकमेकांचा जीव घेतायत. कॉलर धरल्यावर आत काय चालतं ते ठाऊक आहे? काही नाही. दमलेलो असतो. डोकं एकमेकांच्या खांद्यावर टेकलेलं, आणि तो त्याच्या त्या फ्रेंच हेलात कानात विचारायचा, "ठीक आहेस? झालं? सोडू?" दर वेळी. एवढ्या लोकांत ते कधी कुणाला ऐकू आलं नाही.

पानगळीत गेलो होतो त्याला बघायला, त्या वृद्धाश्रमात ठेवलाय तिथं. जिनेट, त्याची बायको, दारातच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, भाऊजी, तो कुणाला ओळखत नाही. मलाही बाई म्हणतो." मी आत गेलो. खिडकीशी बसला होता, गळ्यात लाळेरं बांधून. माझ्याकडे बघितलं — उठला, आणि धरली माझी कॉलर. नर्स धावली. मी म्हटलं, थांब, हात नको लावूस त्याला. मग त्यानं डोकं ठेवलं माझ्या खांद्यावर. आणि विचारलं, "ठीक आहेस?" मी म्हटलं, आहे. "झालं? सोडू?" — आता काय, नको सोडूस म्हणू? कितीतरी वेळ उभे होतो तसे. जिनेट विचारत राहिली, काय म्हणाला, काय म्हणाला. म्हटलं, काही नाही, खेळातलं काहीतरी. तिला बाई म्हणतो, आणि मला — का सांगतोय मी हे तुम्हाला?

काय?

ल्युसियन खरंच येतोय? मला वाटलं, पोस्टरवरचं ते फिल्मपुरतं. कोण आणतोय त्याला? मुलगा? अन् जिनेट हो म्हणाली? नाही? मुलगा हो म्हणाला? म्हणजे तिला विचारलंच नाही तुम्ही. त्या माणसाला, ज्याला स्वतःचा चमचा ओळखू येत नाही, त्याला बर्फावर उभा करणार, भोंगे वाजवणार, दिवे मारणार डोळ्यांवर — घाबरेल हो तो. घाबरला की कॉलर धरायला माणूस शोधेल. तिथं कोण असेल? तुमचा महापौर?

येतो मी. सत्कार नको. फिल्म नको, गाणं नको, माइक तर माझ्यापुढे आणूच नका. मी त्याच्याजवळ उभा राहीन, बस. आणि त्यानं मला धरलं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, सांगून ठेवा लोकांना.

वाजवतील. तुम्हीही वाजवाल, पेन्नर.

उठा. कॉफी राहू द्या.