अकरा फुटांतलं नगर

आजच्या सभेच्या अध्यक्षा आणि आपल्या नगराच्या पहिल्या नगराध्यक्षा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या प्रशासक बाई, नगरपरिषदेचे इतर सहा सन्माननीय सदस्य, नाल्यापलीकडच्या गावाहून आलेले पाहुणे, पहिल्या रांगेत बसून मला खुणा करणारे माझे वडील, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले सर्व नागरिक,

मला पाच मिनिटं दिली आहेत. घरी घड्याळ लावून वाचून पाहिलं तर नऊ लागली. दोन पानं काढून टाकली, तरी आठ. ती तीन मिनिटं अध्यक्षांनी माझ्या नावावर लिहावीत.

मी नगरपरिषदेचा लेखनिक. आठवीनंतर माझी शाळा सुटली, पण अक्षर बरं होतं, म्हणून बाईंनी मला मतदार यादी उतरवायला बसवलं. पिठाच्या गिरणीवरच्या आपल्या कार्यालयाच्या त्या दोन खोल्या तुम्ही पाहिल्या आहेत. कागदावर फुंकर मारल्याशिवाय ओळ दिसायची नाही. सरकारनं बाईंना चार महिन्यांसाठी पाठवलं होतं. आपल्या वसाहतीचं नगर करायचं, प्रभाग पाडायचे, निवडणूक घ्यायची, निवडून आलेल्यांच्या हाती कारभार द्यायचा आणि निघून जायचं. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "मी इथे जाण्यासाठी आले आहे. त्यामुळे माझ्यावर विसंबू नकोस, सगळं लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं. त्याआधी आपलं काय होतं, हे वेगळं सांगायला हवं का? नळ फुटला की नाल्यापलीकडे अर्ज घेऊन जायचं. तिथले कारकून म्हणायचे, तुमची वसाहत आमच्यात येत नाही. मग कोणात येते? ते त्यांनाही माहीत नसायचं. आज ते पाहुणे म्हणून आले आहेत, म्हणून यापुढचं मी गाळतो.

निवडणूक झाली, सात सदस्य निवडून आले. दोन प्रभागांत मतं पुन्हा मोजावी लागली आणि त्यात दिवस गेले. नियम असा होता की नगर जाहीर झाल्यापासून तीस दिवसांच्या आत, आधी जाहीर केलेल्या जागी आणि नगराच्या हद्दीत, पहिली बैठक झाली पाहिजे. नाही झाली तर निवडणूक रद्द आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. आपली बैठक तिसाव्या दिवशी ठरली, सकाळी अकरा वाजता. जागा, हेच कामगार सभागृह. नोटिशीच्या चौदा प्रती मी हातानं लिहिल्या आणि प्रत्येक प्रत तीनदा तपासली.

त्या दिवशी सकाळी चहा पिताना वडील म्हणाले, "खुर्च्या मांडाल ना, तर स्वयंपाकघराच्या अलीकडच्या पट्ट्यावर गर्दी करू नका. फरशीखाली पोकळ आहे." वडील गवंडी. ती फरशी त्यांच्याच हातची.

मी विचारलं, "पोकळ का?"

"नाला आहे ना खाली."

"कुठला नाला?"

"आपल्याकडे नाले किती आहेत रे?"

मी कप खाली ठेवला. तो बशीत नाही, शेजारी ठेवला गेला, हे आई मला अजून ऐकवते. आपल्या नगराची हद्द म्हणजे नाल्याचा मध्य. नकाशावर तसंच आहे आणि तो नकाशा मी स्वतः उतरवला होता. वडील शांतपणे सांगत होते, की सभागृह मुळात नाल्यापलीकडेच होतं. पुढे जागा कमी पडायला लागली, तेव्हा नाल्यावर फरशी टाकून ते मागच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे वाढवलं. "सगळ्यांना माहीत आहे की," ते म्हणाले.

सगळ्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती, की सभागृह आपलं आहे. म्हणून तेवढी एकच गोष्ट मी तपासली नव्हती.

साडेनऊला मी टेप घेऊन इथे आलो. सभागृहाची लांबी बासष्ट फूट. त्यातलं व्यासपीठ, मोठं दार, पंखे आणि जवळजवळ सगळ्या खुर्च्या शेजारच्या गावात. आपल्या नगरात काय आलं? मागचे अकरा फूट चार इंच. त्यात हात धुण्याची तीन बेसिनं, चपलांची फळी आणि स्वयंपाकघराचं दार.

खरं सांगतो, पाव तास मी बेसिनसमोर उभा राहून विचार केला. न सांगितलं तर कोणाला कळणार आहे? व्यासपीठ सजलेलं आहे, लोक यायला लागले आहेत. पण वर्षानं किंवा दोन वर्षांनी कोणी तरी टेप घेऊन येईल, आणि आपला नळ, आपला दिवा, आपला प्रत्येक ठराव एका माणसाच्या पाव तासामुळे रद्द होईल. मी खिशातल्या कागदावर राजीनामा लिहिला. 'माझ्या हातून घडलेल्या अक्षम्य चुकीमुळे' अशी सुरुवात केली. तो आणि टेप घेऊन मी बाईंकडे गेलो.

बाईंनी कागद वाचला. मग टेपकडे पाहिलं. "आपल्याकडे किती फूट?"

"अकरा फूट चार इंच."

"सात खुर्च्या मावतील?"

"मावतील. पण टेबल बेसिनला टेकवावं लागेल."

"मग टेकव. नोटिशीत सभागृह लिहिलं आहेस, व्यासपीठ नाही लिहिलंस. बरं केलंस."

मला वाटलं, सुटलो. पण सदस्य आले, बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि त्यांच्यातल्या इस्त्रीवाल्या काकू जागच्या हलेनात. त्या व्यासपीठाच्या पायरीशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"मी तिकडे बसणार नाही," काकू म्हणाल्या.

दुसरे सदस्य, सायकलवाले मामा, त्यांना म्हणाले, "काकू, अकरा फुटांचा तर प्रश्न आहे."

"तुला फूट दिसतात, मला दार दिसतं. चाळीस वर्षं कपड्यांचे गठ्ठे घेऊन लोकांच्या मागच्या दारानं आत गेले. या सभागृहात जेवणावळी झाल्या, तेव्हाही टेबलावरच्या चादरी घेऊन त्याच दारानं आले. आज पहिल्यांदा पुढच्या दारानं आले, माझ्या नातवानं फोटो काढला. आणि आता म्हणता, बेसिनपाशी बस?"

साडेदहा वाजून गेले होते. आता बोलावं कोणी? मी बोललो. म्हणालो, "काकू, चूक माझी आहे. जागा मी लिहिली, मी मोजली नाही." माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

काकूंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू कबूल केलंस ते चांगलं केलंस, बाळा. पण दार तेच राहिलं ना?"

तेव्हा बाई पुढे आल्या. मला वाटलं, आता नियम वाचून दाखवतील. त्यांनी नुसतं विचारलं, "काकू, काय केलं म्हणजे ते पुढचं दार होईल?"

काकूंनी थोडा विचार केला. "सगळ्यांनी त्या दारानं यावं. एकूण एक. पहिल्या रांगेत बसलेल्या कारखान्याच्या मालकांपासून."

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुम्हीच केलंत. बसलेले तीनशे लोक उठले, मोठ्या दारानं बाहेर पडले, गल्लीला वळसा घालून राखेच्या ढिगाशेजारून गेले आणि स्वयंपाकघरातून, पातेल्यांच्या मधून, एकेक करून आत आले. कारखान्याच्या मालकांचे बूट ओल्या फरशीवर घसरले, तेव्हा त्यांना सावरलं कोणी? काकूंनीच. सगळ्यांत शेवटी काकू आल्या. तोपर्यंत लोकांनी आपापल्या खुर्च्या उलट्या फिरवल्या होत्या, आणि बेसिनं समोर आली होती. त्या पोकळ पट्ट्यावर गर्दी होऊ नये म्हणून माझे वडील हात पसरून उभे होते.

अकराला दोन मिनिटं कमी असताना सात सदस्य बसले आणि टेबल हललं. तिथली फरशी मोरीकडे उतरती आहे. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं, हातातल्या कागदाची घडी घातली, परत घातली, आणखी दोनदा घातली आणि ती टेबलाच्या पायाखाली सारली. तो माझा राजीनामा होता.

शपथा झाल्या. मामा म्हणाले, "आता लोक हात धुऊन आपल्या मागे लागणार. सोय इथेच आहे." मग नगराध्यक्षपदासाठी मतं पडली, चार विरुद्ध तीन, आणि आज ज्या अध्यक्षस्थानी आहेत त्या काकू निवडून आल्या. ज्या तिघांनी विरोधात मत दिलं होतं, त्यांनी टाळ्या आधी वाजवल्या. ते इतिवृत्तात लिहायचं असतं की नाही हे मला माहीत नव्हतं. मी लिहिलं. ठराव क्रमांक एक मामांनी मांडला. आपल्या हद्दीतलं दार हेच नगरासाठी या सभागृहाचं पुढचं दार समजावं. तो एकमतानं मंजूर झाला. दुपारपर्यंत आपल्याकडे नगर होतं, नगराध्यक्षा होत्या आणि फुटलेल्या नळाचा अर्ज देण्यासाठी एक टेबल होतं. त्याच दुपारी पहिला अर्ज आला. अर्जदार माझी आई.

आज बाईंची गाडी सवयीनं मोठ्या दाराशी थांबली. ते दार उघडंच होतं. मी स्वयंपाकघराशी उभा राहून वाट पाहत होतो, आणि मला वाटलं, आज पाहुण्या आहेत, तिकडूनच येतील. गाडीचं दार वाजलं. मग गल्लीतून पावलं ऐकू आली. बाई वळसा घालून राखेच्या ढिगाशेजारून येत होत्या, आणि चालक मागून सांगत होता, "मॅडम, दार इकडे आहे." बाई त्याला म्हणाल्या, "ते तुझं दार."

बाई, तुम्ही जाण्यासाठी आला होतात, हे मी लिहून ठेवलं आहे. सगळं लिहून ठेवायला तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून एक प्रलंबित काम सभेसमोर ठेवतो. माझा राजीनामा अजून मंजूरही झालेला नाही आणि नामंजूरही नाही. तो त्याच पायाखाली आहे. तुमची मुदत आज पाच वाजता संपते. त्याआधी निकाल द्यावा, ही नम्र विनंती.

नको बाई, वाकू नका. कागद काढलात तर टेबल हलेल आणि काकूंचा चहा सांडेल.

बाईंनी मान हलवली आहे. नामंजूर, असं मी इतिवृत्तात नोंदवतो.

आपण सर्वांनी आठ मिनिटं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्यावं. मोजण्यात झालं असेल तर मात्र लगेच सांगावं. टेप माझ्या खिशात आहे.