खालच्या कप्प्यातली राणी

— नाही नाही, तुम्ही पुन्हा बघा. फ्रीज पाच अंश दाखवतोय म्हणजे काय, तुम्ही आलात म्हणून दाखवतोय! माझा दातही असाच — डॉक्टरच्या दारात पोचलं की दुखायचा थांबतो. सकाळी बर्फ धरला होता, दादा, या काचेच्या नळीत. तो थर्मो — काय म्हणता तुम्ही त्याला — हां, थर्मोस्टॅट, तो गेलाय. काढून तरी बघा. बूट राहू द्या पायात, लादी पुसता येते. चहा ठेवते, लिंबू घालून. नको? बरं, नको तर नको.

तुम्हाला हसू येईल, पण मी काही दुधालोण्यासाठी बोलावलं नाही. मुंग्यांसाठी बोलावलंय. हसलात ना? हसा, मीही हसले होते. ही बघा नळी — हात नका लावू, तुमचे हात गरम असतील — त्या टोकाला पाणी, मग कापसाचा बोळा, आणि बोळ्याला चिकटून ही राणी, भोवती तिच्या एकोणीस पोरी. झेनॉनच्या आहेत, माझ्या नवऱ्याच्या. एकतीस वर्षं ट्राम चालवली त्यानं या वुच शहरात, आणि रिटायर होऊन पाळलं काय, तर मुंग्या! जुलैत उकाडा होता, पंखवाल्या मुंग्या उडाल्या होत्या, त्यातली ही एक पंख टाकून ट्रामच्या थांब्यावर चालत होती. चष्म्याच्या डबीत घालून घरी आणली. मी म्हटलं, "झेनॉन, लोक कुत्री पाळतात." तर म्हणतो कसा, "बोग्ना, कुत्र्याला फिरवावं लागतं." घ्या! पण तिनं, सांगते तुम्हाला, महिनाभर कण न खाता पहिल्या पोरी वाढवल्या, आणि हा रोज भिंग लावून बसायचा — आज सात, आज अकरा — ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी एकोणीस.

थंडीत त्यांना झोपावं लागतं. चार महिने. घरात हीटर, उबेत जाग्या राहिल्या तर राणी थकते, वसंतापर्यंत तग धरत नाही. आणि पार गोठल्या तर संपलंच. पाच ते आठ अंश, म्हणून फ्रीज. सगळं लिहून दिलंय त्यानं, हा बघा कागद — "सोमवारी पाणी बघ. नळी हलवू नकोस. कितीही दया आली तरी खायला घालू नकोस." ओळखून आहे मला! हृदयाचं ऑपरेशन झालं त्याचं, आता समुद्राकाठच्या आरोग्यधामात ठेवलंय तीन आठवडे. गुरुवारी येतोय. आज मंगळवार — मंगळवारच ना? हां. रोज जेवणानंतर फोन करतो, आणि पहिला प्रश्न, "झोपल्यात ना?" मी कशी आहे ते नाही, मुंग्या झोपल्यात ना! पहिल्यांदा राग यायचा. मग मीच दिवसातून चारदा दार उघडून बघायला लागले. घरात दुसरं आहे कोण, तुम्हीच सांगा.

ती पिशवी? ती राहू द्या. पिएरोगी आहेत, नाताळात मीच बटाट्याचं सारण भरून गोठवलेले. हो, मऊ पडलेत. खालच्या कप्प्यात कसे म्हणजे — असतील, ठेवले असतील — अहो, वरचं दार नका उघडू! तिथं काही नाही, बर्फाचा कप्पा आहे नुसता —

मोजा आहे तो. झेनॉनचा. लोकरीचा. नळी त्यात गुंडाळलेली असते, अंधार लागतो त्यांना.

काय बघताय असं? पिएरोगी काढायला गेले असेन. ते खाली ठेवले असतील आणि हे वर. कधी — मला माहीत नाही. तासभर होत्या की रात्रभर, माहीत नाही, दादा, मला काही म्हणजे काहीच आठवत नाही. सकाळी वरचं दार उघडलं आणि मोजा दिसला आणि मला वाटलं, घरात कुणीतरी शिरलंय. खरं सांगते, मी आधी पलंगाखाली बघितलं.

त्या चिठ्ठ्या बघितल्यात ना तुम्ही, येताना? दारावर "किल्ली", शेगडीवर "बंद?", नळावर. झेनॉन लावतो. शेजारीण विचारते तर सांगतो, "माझ्यासाठीच लावल्यात, ऑपरेशनच्या टेन्शननं माझंच डोकं चालत नाही." त्याला वाटतंय, माझं विसरणं किल्ली-नळापुरतंच आहे. गेल्या आठवड्यात बेकरीतून घरी यायला मला दोन तास लागले. बेकरी समोर आहे. ते नाही सांगितलं मी त्याला. तो तिथनं उठून येईल, टाके ओले असताना येईल, आणि मग मला एक मिनिट एकटं सोडणार नाही. त्याचं हृदय, आणि वर मी!

म्हणून म्हणते, तुमच्या त्या कागदावर लिहा, थर्मोस्टॅट खराब. एवढंच. तुमचं काय जातं? सही करा, मी फ्रीजवर चिकटवते. तो म्हणेल, मेला फ्रीज, आणि वसंतात दुसरी राणी शोधेल. लिहा ना. हां — असं — लिहा —

थांबा. थांबा, हलू नका. तुम्हालाही दिसलं? मिशी हलली राणीची. डावी. पुन्हा! कडेनंच गोठलं असणार म्हणता पाणी? मग फार वेळ नसतील त्या वर. दोघी… तिघी पाय ओढताहेत. बाकीच्या बघू. आई गं. जगली ही.

नाही, मी रडत नाहीये.

तो कागद इकडे द्या. फाडते मी. तुम्ही चांगले आहात, दादा, पण हे लिहिलंत तर तो माझ्यावर विश्वास ठेवेल. पुढल्या वेळी शेगडी असेल. खाली पाच बिऱ्हाडं राहतात.

नळी खालच्या कप्प्यात ठेवा, तुम्हीच ठेवा, मी नको. मोज्यात नको, ओला झालाय. हा रुमाल घ्या. आणि जाण्याआधी फोन लावून द्या मला, नंबर भिंतीवर आहे, मोठ्या आकड्यांत. लागला?

झेनॉन? नाही, जेवणाची वेळ नाही झाली, माहीत आहे मला. झोपल्यात. अरे झोपल्यात रे, ऐक तर — झेनॉन, तू आधी बस. कुठेतरी बस. मला तुला बेकरीचं सांगायचंय —

तुम्ही जा आता, दादा. जा. दार ओढून घ्या.