आई, मी जेवलोय, फोन ठेव!

...नाही पण मला सांगा, चौकट बंद व्हावी ही काय जगावेगळी अपेक्षा आहे का हो? आपण एखादी वेबसाईट उघडतो, मधेच ती चौकट टुणकन उडी मारते, 'खरंच रद्द करायचं का?', मागचं सगळं काळवंडतं, आपण कोपऱ्यातली फुली दाबतो, ती जाते, संपलं! तुम्ही तिला शिव्या घालता, माहितीये मला. घाला! पण तुम्हाला सांगतो, ती बनवणाराही कुणीतरी माणूस असतो, त्यालाही पोटबीट असतं... आणि तो माणूस म्हणजे मी!

आमचे साहेब. ते खुर्चीत गोल फिरत बोलतात, त्यामुळे अर्धं वाक्य आपल्याला ऐकू येतं आणि अर्धं खिडकीला. म्हणाले, "हे बघ, प्रत्येक पानाला वेगळी चौकट कशाला? एकदाच बनव, सगळीकडे वापर! आतला मजकूर ज्याचा त्याने टाकावा, बटणांची नावं ज्याची त्याने टाकावीत, चौकट मात्र एकच. त्या घरसामानाच्या दुकानाच्या साईटवर ही नीट चालली, की तू नोकरीत कायम!" कायम! अहो, 'आज-उद्या कायम होतोय' हे मी आईला इतक्या वेळा सांगितलं होतं, की तिने शेजारच्या काकूंसमोर माझ्या नोकरीचा विषय काढणंच सोडलं होतं.

बसलो कामाला. वाटलं, चौकट ती काय, चार रेघा! हं! फुली दाबली की चौकट जायची, पण मागचा काळोख तिथेच. काळोख घालवला की चौकट परत हजर. बाहेर क्लिक केल्यावर बंद व्हावी, तर बाई आत क्लिक केलं तरी बंद! एका चौकटीतून दुसरी उघडली, तर दुसरी पहिलीच्या मागे जाऊन बसली लाजून, आणि मी आपला माऊस घेऊन तिला शोधतोय, 'अगं ये ना बाहेर!' आणि साहेब येता-जाता, "एकदाच बनव, सगळीकडे वापर!" अहो, एकदा तरी बनू द्या ना!

त्यात आईचा फोन. "जेवलास?" म्हटलं, "हो गं." "काय जेवलास?" आता काय सांगू? समोर फक्त गार झालेला चहा! म्हटलं, "नेहमीचंच." "खोटं बोलतोस. आवाज उपाशी येतोय तुझा." आवाज उपाशी कसा येतो हो? पण तिला येतो! ठेवला फोन, की पुन्हा फोन. "जेवलास का आता?"

माझं डोकंच फिरलं! आता बघा, कुणी चौकटीत काहीच मजकूर टाकला नाही तर दिसायला एक राखीव मजकूर ठेवावा लागतो. शहाणी माणसं तिथे 'नमुना' असं काहीतरी लिहितात. मी रागारागाने लिहिलं, 'आई, मी जेवलोय. फोन ठेव!' खाली दोन बटणं. एक 'बरं', एक 'खोटं बोलतोस'. 'बरं' दाबलं की चौकट बंद. दुसऱ्याला काही जोडलंच नाही, म्हटलं बघू नंतर... आणि काय सांगू तुम्हाला, त्याच क्षणी चौकट चालली! फुली चालली, काळोख गेला, लाजणारी पुढे आली! मी खुर्चीवर उभा राहून नाचलो, खुर्ची चाकांची, मी नाचत नाचत थेट पाण्याच्या मशीनवर! आमच्या टेस्टिंगवालीने चौकट उलटीपालटी करून तपासली, पण बिचारी शिस्तीची, दरवेळी मजकूर व्यवस्थित भरून तपासायची. रिकामी ठेवून कुणी बघितलीच नाही. आणि तो राखीव मजकूर काढायचा... राहिला. राहिला हो!

आणि आमच्या मंडळींनी 'एकदाच बनव, सगळीकडे वापर' किती मनावर घ्यावं? घेतली चौकट, चिकटवली! पत्ता चुकला, चिकटव! ऑर्डर रद्द, चिकटव! मजकूर टाकायचा असतो हे कुणाच्या गावीही नाही. साईट सुरू झाली आणि दुकानाची हेल्पलाइन पेटली. एक आजोबा, "मी खुर्ची रद्द करायला गेलो, तर तुमची साईट म्हणते आई मी जेवलोय. जेवला असलास तर आनंद आहे बाळ, पण खुर्चीचं काय?" एक आजी तर फक्त विचारायला, "तो मुलगा खरंच जेवला ना हो?"

माझी पाचावर धारण! कायम कसला, आता घरी! दुकानाच्या मालकांचा फोन आला, साहेबांनी स्पीकरवर टाकला आणि पहिल्यांदाच खुर्ची फिरवायची थांबवली. मालक गरजले, "ते आई-जेवलोय कुणी लिहिलंय?" मी म्हटलं, "मी... काढतो, आत्ता काढतो!" "खबरदार! अहो, लोक रद्द करायला येतात, ते वाचतात, हसतात, 'बरं' दाबतात आणि ऑर्डर तशीच ठेवून जातात! सगळ्या पानांवर हेच ठेवा!" साहेब गर्रकन फिरले. "मी म्हणालो नव्हतो, एकदाच बनव, सगळीकडे वापर? कायम!"

जिन्यात धावत गेलो, आईला फोन लावला, तर तीच सुरू! "अरे, एका घरसामानाच्या साईटवरून तुझ्यासाठी जेवणाचा स्टीलचा डबा मागवत होते, पत्ता घालायचा राहिला, तर मधेच हे काय आलं? तूच लिहिलंस ना?" म्हटलं, "छे गं!" "मघापासून 'खोटं बोलतोस' दाबतेय, काहीच होत नाही!"

मग सांगितलं सगळं. चौकट, साहेबांचं ते वाक्य, आणि कायम झालो ते. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला... आणि म्हणते कशी, "मीसुद्धा तुला एकदाच बनवलं रे... आणि त्यांनी बघ, सगळीकडे वापरून घेतलं! कायम झालास ना? मग आधी जेवून घे. आणि आता रोज दुपारी फोन करणार मी!"

म्हटलं, "बरं."

दुसरं बटण चालतंय कुठे!